टांक्याची किल्ली

मराठीत 'वाळवंट' हा शब्द मुळात नदीचा आहे. पंढरपूरला चंद्रभागेच्या पाण्याकडेला पसरलेली वाळू, ते वाळवंट. तिथं कीर्तनं होतात, फुगड्या होतात, अंघोळ करून आलेली माणसं ओल्या धोतरानं तिथंच उभी राहून नमस्कार करतात. माझं आजोळ पंढरपूरपासून एसटीनं तासाभरावर. शाळेच्या भूगोलात 'थरचे वाळवंट' असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नकाशात आधी नदी शोधली होती.

पुढं अनुवाद करायला लागल्यावर हा शब्द वरचेवर आडवा आला. हिंदीतलं 'रेगिस्तान' फारसीतून आलेलं, त्यात नुसती वाळू आहे. संस्कृतातल्या 'मरु'मध्ये मरण ऐकू येतं. बडोद्यात राहून आता गुजराती 'रण'ही कानांच्या सवयीचं झालंय, पण मराठी वाचकाला रण म्हटलं की लढाई दिसते. आपल्याकडे एवढाच एक शब्द, आणि तोही ओला. मराठी मुलखात तसलं वाळवंट नाही, म्हणून नदीकाठचा शब्द उचलून तिकडे नेऊन ठेवला, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पोकरणच्या पुढच्या एका ढाणीत दोन दिवस काढले आणि या शब्दाकडे पुन्हा नीट बघावंसं वाटलं.

आम्ही चौघं जादवपूरला तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला एकत्र होतो. कोलकात्याची एक मैत्रीण, त्रिशूरचा एक मित्र, जोधपूरचा एक आणि मी. त्या विभागात प्रत्येकजण आपापली भाषा डब्यासारखी घेऊन यायचा आणि मधल्या सुट्टीत उघडायचा. बावीस वर्षांत चौघं मिळून तीनदाच भेटलो असू. मेच्या सुरुवातीला जोधपूरच्या मित्राचा फोन आला. आई एकटीच ढाणीत राहते. आधीच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेळ्यांना पाणी पाजायला भर दुपारी बाहेर पडली आणि कोसळली. शेजारचा मुलगा योगायोगानं तिकडून गेला म्हणून वाचली. आता तिला जोधपूरला आणायचंय. ती हो म्हणाली आहे, पण आठवडाभर आधी हो म्हणते आणि आदल्या दिवशी नाही म्हणते. "तुम्ही आलात तर पाहुण्यांसमोर ती शब्द फिरवणार नाही," तो म्हणाला. "शनिवार-रविवार, बस्स."

मे महिन्यात थरमध्ये सहलीला कुणी जात नाही. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं, आणि आम्हांला जायचं होतं ते ठिकाण तिथून काही फार लांब नव्हे. पण दोघांना कॉलेजच्या सुट्ट्या होत्या, मला बडोद्याहून रात्रीची गाडी होती, आणि त्यानं याआधी कधी काही मागितलं नव्हतं. शिवाय मी त्या वर्षी राजस्थानी लोककथांचा एक संग्रह हिंदीवरून मराठीत करत होते. ज्या मातीतल्या कथा, ती माती निदान एकदा पायाखालून जावी, असं मनात होतंच.

शनिवारी पहाटे चारला जोधपूर सोडलं. बालेसर, देचू मागं पडेपर्यंत उजाडलं. गाडीत आपापल्या वाळवंटांची चर्चा निघाली. बंगाली मैत्रिणीचं वाळवंट सत्यजित राय यांचं. १९७४ सालच्या 'सोनार केल्ला'पासून बंगाली माणूस जैसलमेरचा किल्ला पाहायला येतोय. तीही आठव्या वर्षी आई-वडिलांबरोबर येऊन गेली होती आणि तिच्या लेखी या प्रदेशाचा रंगच सोनेरी होता. मल्याळी मित्राचं वाळवंट आखातात. त्याचे वडील बावीस वर्षं मस्कतला होते. बेन्यामिनची 'आडुजीवितम्' त्यानं वडिलांना वाचून दाखवायला घेतली तेव्हा विसाव्या पानावर ते म्हणाले, पुरे. मल्याळीत वाळवंट म्हणजे वडील घरी नसणं, असं तो सहज बोलून गेला आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मी चंद्रभागा सांगितली. गाडी चालवणारा मित्र सगळं ऐकून म्हणाला, "आमच्याकडे असा शब्दच नाही. धोरा आहे, म्हणजे वाळूची टेकडी. थळी आहे, रोही आहे. पण आपण वाळवंटात राहतो असं माझी आई कशाला म्हणेल? ती घरी राहते."

बाहेरही टेकड्या नव्हत्याच. पोस्टकार्डातली लाटालाटांची वाळू अजून बरीच पश्चिमेला. इथं सपाट, खरबरीत जमीन, तुरळक खेजड्या, केराची झुडपं, रुई, वाळून पांढरं पडलेलं गवत. मला तर सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान आठवलं. ते उगाच नव्हे. आपला माळढोक तोच इकडचा गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच केलेलं, पण आता तिथं तो दिसणं नवलाचं झालंय. जैसलमेर-पोकरणच्या बाजूला थोडे उरलेत. इतक्या लांबच्या दोन ठिकाणांना एकच पक्षी आपलं मानत होता म्हणजे जमिनीत काहीतरी सारखेपण असणार.

मित्राच्या आईला सगळे 'मासा' म्हणतात. मा म्हणजे आई, सा हा आदराचा. मराठीत मासा म्हणजे काय ते मी गाडीतच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पोहोचल्यावर वाकून नमस्कार करताना बंगाली मैत्रिणीला हसू आवरेना. मासांनी कारण विचारलं, मुलानं सांगितलं. त्यांनी आजूबाजूच्या रखरखाटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. इथं एक तरी हवाच होता."

वय अठ्ठ्याहत्तर, उंच, गुडघ्यात वाकलेल्या, आवाज खणखणीत. मला त्या 'बाई' म्हणायच्या. मराठीत बाई म्हणजे शाळेतली बाई, कामाची बाई, परकी बाई. मारवाडीत ती घरची लेक किंवा बहीण. जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई या नावांत आपल्याकडेही तो जिव्हाळा शिल्लक आहे, पण नुसतं 'बाई' अशी हाक मारल्यावर आपलं वाटावं, हे मला नवीन होतं.

सकाळी दहानंतर बाहेर उभं राहवेना. मोबाइलवर सत्तेचाळीस दिसत होतं, आणि थोड्या वेळानं फोननंच तापल्याची सूचना देऊन अंग आखडून घेतलं. नळ सोडला तर चहाला चालेल असं पाणी. आपण 'झळा' म्हणतो त्या थांबून थांबून येतात. लू थांबत नाही, भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखी वाहत असते. मित्रानं काही वर्षांपूर्वी आईसाठी सिमेंटची खोली बांधली होती, तिच्यात कूलर होता. वीज गेल्यावर त्या खोलीत पाच मिनिटं बसवत नव्हतं. मग सगळे जुन्या झुंप्यात गेलो. मातीच्या गोल भिंती, वर गवताचं छप्पर, दार एवढंसं की वाकूनच आत शिरावं लागतं. आत अंधार होता, शेणामातीचा वास होता आणि खरोखर गारवा होता. मासांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कांदा दिला, जवळ ठेवायला. माझी आजीही उन्हात जाताना खिशात कांदा घालायची. जेवायला बाजरीचा सोगरा होता, म्हणजे आपल्या भाकरीचा जाड भाऊ, सोबत केर-सांगरी आणि ताक. केर हे झुडपाचं फळ, सांगरी ही खेजडीची शेंग. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवायची. पाऊस असो-नसो, ही झाडं देतात.

माझ्या संग्रहातल्या एका कथेत पाण्यासाठी तीन शब्द होते आणि हिंदी अनुवादकानं ते तसेच ठेवले होते. पालर, रेजाणी, पाताळ. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात त्यांचा उलगडा आहे, तो मी वाचला होता. आकाशातून पडलेलं आणि टाक्यात, तळ्यात साठवलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं, बहुधा खारं, ते पाताळ पाणी. आणि या दोन्हींच्या मधलं रेजाणी. इथं काही भागांत वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा पट्टा असतो. पावसाचं मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथंच वाळूत ओल धरून बसतं. माणूस जेमतेम मावेल अशी अरुंद कुंई खणली की चारी बाजूंची ओल थेंबाथेंबानं तिच्यात उतरते. दिवसाकाठी दोन-तीन घागरी.

मी मासांना विचारलं, "तुम्ही कुंईचं पाणी भरलंय?"

त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मित्र मधे मधे हिंदीत सांगत गेला. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मला त्याची अर्धीच गरज आहे. मारवाडीत 'पाणी' आहे, आपल्यासारखा 'ण' असलेलं. 'काळ' आहे, दुष्काळातला. 'पाळ' आहे, तळ्याचा बांध. ठाण्याच्या तलावपाळीतली पाळ तीच. हिंदीत जाताना हे सगळे 'ळ' गळून जातात. मल्याळी मित्रही कान टवकारून बसला होता, कारण 'ळ' त्याच्याही भाषेत आहे. बंगाली मैत्रिणीला तो शेवटपर्यंत म्हणता आला नाही. मासांनी तिला चारदा म्हणायला लावला आणि चारही वेळा ऐकून खूश झाल्या.

एके ठिकाणी मात्र ओळखीचा शब्द दगा देणार होता. धान्य नाही तो अकाळ, पाणी नाही तो जळकाळ, चारा नाही तो तिणकाळ, आणि तिन्ही एकदम आले की त्रिकाळ. मराठीत त्रिकाळ म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य, किंवा सकाळ-दुपार-संध्याकाळची पूजा. मासांनी लहानपणी पाहिलेल्या एका त्रिकाळाबद्दल सांगितलं. गुरं सोडून दिली होती. नुसती दावं सोडून, जा म्हणून. ती दोन दिवस दारातच उभी होती.

बंगाली मैत्रीण फोनवर शब्द उतरवून घेत होती. पावसाच्या सरींची नावं, वाळूची नावं, ढगांची नावं. तिचा उत्साह पाहून मासा थांबल्या. मुलाला म्हणाल्या, हिला सांग. त्यानं जसंच्या तसं सांगितलं: "तुम्हांला शब्द आवडतात. या शब्दांनी आमच्या माना मोडल्यात. डोक्यावर दोन घडे, पोटात पोर, आणि दीड कोस चालायचं. नहर आली तेव्हा मी नारळ फोडला होता. नळाच्या पाण्याला नाव लागत नाही, बाई. ज्या पाण्यासाठी चालावं लागतं त्याला नाव लागतं."

नहर म्हणजे आताचा इंदिरा गांधी कालवा. पंजाबातल्या हरिके इथून, सतलज-बियासच्या संगमाचं पाणी त्यातून येतं. काम १९५८ मध्ये सुरू झालं आणि जैसलमेर जिल्ह्यात पाणी पोहोचेपर्यंत १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात हिमालयाचं पाणी येणं ही काय चीज आहे, हे बाहेरून आलेल्यांनी हळहळत बोलण्याआधी लक्षात घ्यावं. मासांच्या त्या वाक्यानंतर झुंप्यात कुणीच बराच वेळ बोललं नाही. शब्द मरतात म्हणून आमच्यासारखे लोक परिसंवाद भरवतात. एखादा शब्द मेला म्हणून एखाद्या बाईची मान वाचली असेल, हा मुद्दा मी तरी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही.

पण मासांच्या ढाणीपर्यंत आलेल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होतं, आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी टांका राखला होता. आपल्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात. टाकं आणि टांका भाऊ-भाऊच वाटतात. मासांचा टांका घरापासून शंभरेक पावलांवर. जमिनीत खोल गोल खड्डा, आतून गिलावा, वरून झाकण, झाकणाला लोखंडी दार, दाराला कुलूप. भोवती दहा-बारा पावलांचं अंगण, कडेकडून मध्याकडे उतरतं केलेलं, ठोकून घट्ट केलेलं. त्या अंगणाला म्हणतात आगोर. पाऊस आगोरावर पडतो आणि उतारानं जाळी लावलेल्या भोकांतून टांक्यात जातो. जेवढा आगोर स्वच्छ, तेवढं पाणी स्वच्छ.

संध्याकाळी ऊन कलल्यावर मासा उठल्या. कोपऱ्यातले काड्यांचे झाडू काढून आमच्यापुढं टाकले. जेठ सुरू झाला की आगोर झाडायचा असतो, आषाढाच्या आत. मित्र वैतागला. "मासा, उद्या सकाळी आपण निघतोय. पावसात तुम्ही इथं नसाल."

"पाऊस मला विचारून येणार आहे का?" त्या म्हणाल्या. "मी नसेन. तहान असेल."

आम्ही गेलो. आगोराच्या कडेला त्यांनी हात आडवा धरला. "आगोर में पगरखी कोनी." आगोरात पायताण नाही. आम्ही चपला-बूट काढून ओळीनं ठेवले. जमीन अजून तापलेली होती, पाय एका जागी ठरत नव्हता. शेळ्यांच्या लेंड्या, खेजडीचा पाला, आंधीनं आणून टाकलेली वाळू, प्लास्टिकच्या दोन पिशव्या, कुठल्याशा पक्ष्याची हाडं. वाकून झाडायचं, बाहेरच्या बाजूला न्यायचं, पाटीत भरून लांब टाकायचं. मासा कडेला पाटावर बसून बोटानं राहिलेल्या जागा दाखवत होत्या. मल्याळी मित्राची कंबर धरली. बंगाली मैत्रिणीच्या तळव्याला फोड आला. अंधार पडायला लागला तेव्हा अर्धा आगोर झाला होता. उरलेला रविवारी पहाटे पाचला केला.

रात्री उघड्यावर खाटा टाकल्या. वाळू लवकर तापते तशी लवकर निवतेही; अकरानंतर वाऱ्यातली धग गेली. मित्राला झोप येत नव्हती. तो म्हणाला, "जनगणनेत माझी आई हिंदी बोलते. ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. २०११ च्या जनगणनेत हिंदी बोलणाऱ्यांची जी ५२ कोटींवरची संख्या आहे तिच्यात मातृभाषा 'राजस्थानी' नोंदवणारे अडीच कोटींहून अधिक लोक धरलेले आहेत. 'मारवाडी' अशी नोंद करणारे त्याशिवाय. साहित्य अकादमी राजस्थानीला स्वतंत्र भाषा मानते. विजयदान देथांना १९७४ मध्ये तिच्यासाठीच पुरस्कार मिळाला. त्यांच्याच कथेवर मणी कौलांनी 'दुविधा' केला आणि पुढं अमोल पालेकरांनी 'पहेली'. आठव्या अनुसूचीत मात्र राजस्थानी नाही. विधानसभेनं तसा ठराव केला त्याला २००३ पासूनची वर्षं लोटली. हे सगळं आम्ही विद्यार्थी असताना तावातावानं बोललो होतो. त्या रात्री तो ते दुसऱ्याच कारणासाठी बोलत होता. त्याची मुलगी जोधपूरच्या शाळेत जाते, आजीशी हिंदीत बोलते, आजी तिच्याशी मारवाडीत. दोघींचं छान चालतं. "पण आई तिकडे आली की हिंदी बोलायला लागेल," तो म्हणाला. "सोसायटीत, वॉचमनशी, नातीशी. ती शिकेल. ती फार लवकर शिकते. आणि इथं राहिली तर एक दिवस टांक्याच्या वाटेवर पडेल." यातलं काय निवडायचं ते त्यानं आम्हांला विचारलं नाही. विचारलं असतं तरी आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. मल्याळी मित्र एवढंच म्हणाला, की बाबा परत आल्यावर घरात अरबी शब्द वापरायचे, आम्ही हसायचो. आता ते शब्द कुणाजवळच नाहीत.

रविवारी आगोर पूर्ण झाल्यावर मासांनी कुलूप काढलं आणि दोरीला बांधलेली बादली आत सोडली. किती दोर गेला ते हातानं मोजलं. अजून बरंच पाणी होतं, गेल्या पावसाचं. वर आलेली बादली त्यांनी आमच्यासमोर धरली. त्या उन्हाळ्यात मी प्यायलेलं ते सगळ्यांत गार पाणी. चव म्हणावी तर काहीच नाही. खारट नाही, लोखंडी नाही, क्लोरीनचा वास नाही.

ते पिताना मला माझी आजी आठवली, आणि का आठवली ते लगेच कळलं. सोलापूरकडे नद्या उन्हाळ्यात आटतात. मग बायका पात्रातल्या वाळूत हातानं खड्डा करत. त्याला झिरा म्हणत. कोपरभर वाळू उपसली की तळाशी ओल दिसायची, मग पाझर, मग हळूहळू वाटीभर स्वच्छ पाणी. आजी वाटीनं घागर भरायची. नदी कोरडी असली तरी वाळू कोरडी नव्हती. म्हणजे नदीकाठच्या त्या ओल्या वाळूचं आणि या इथल्या वाळूचं काम एकच: पाणी झाकून ठेवणं, उन्हापासून वाचवणं, मागणाऱ्याला थोडं थोडं देणं. 'मरु' म्हणणाऱ्यानं लांबून पाहिलं. 'रेगिस्तान' म्हणणाऱ्यानं वरवरची वाळू पाहिली. ज्यानं कुणी चंद्रभागेचा शब्द थरच्या नकाशावर लिहिला त्याला बहुधा कुंई ठाऊक नव्हती, तरी त्याच्या शब्दाला ती ठाऊक होती. तो शब्द मला आता उसना वाटत नाही.

त्याची काळजी मात्र वाटते. आमच्याकडच्या नद्यांतली वाळू गेली कित्येक वर्षं ट्रकांतून शहरांकडे चालली आहे. चंद्रभागेच्या पात्रात उपशाचे खड्डे पडलेत. वाळूच नाही तिथं झिरा कशात खणणार? आजोळच्या गावातल्या दहावीच्या मुलांना मी गेल्या दिवाळीत झिरा म्हणजे काय विचारलं. एकीला माहीत होतं, तेही जिरे म्हणून. मासांकडे पाणी नळानं आलं म्हणून शब्द गेला. आमच्याकडे पाणी धरून ठेवणारी जागाच गेली, आणि तिच्याबरोबर शब्द. या दोन्हींना एकाच हळहळीत घालू नये, एवढं मी त्या दोन दिवसांत शिकले.

सात वाजता निघालो. मासांनी मागं वळून पाहिलं वगैरे काही नाही. शेळ्या शेजाऱ्यांकडे आदल्या दिवशीच गेल्या होत्या. त्यांनी टांक्याची किल्ली शेजारणीच्या हातात दिली आणि बराच वेळ तिला काहीतरी बजावलं. मित्रानं सांगितलं, नातलगांबद्दल नाही, टांक्याबद्दल: पहिला पाऊस आत घेऊ नको, आगोर धुऊन जाऊ दे, दुसऱ्यापासून घे. गाडीत बसल्यावर त्या पोकरण येईपर्यंत गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, बाई, तुमच्या त्या नदीला पाणी केव्हा येतं? आषाढात, मी म्हटलं. आषाढीला वारी येते तेव्हा. त्यांनी मान हलवली, महिना जुळला यासाठी.

माझ्या संग्रहाचं हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं तेव्हा तिथल्या संपादकांनी 'आगोर' खाली रेघ मारली होती. समासात लिहिलं होतं, 'पाणलोट क्षेत्र चालेल का?' सूचना चुकीची नव्हती. अर्थ तोच. पण पाणलोट क्षेत्र हा सरकारी योजनेचा, फलकाचा, अनुदानाचा शब्द आहे. त्यात पायताण काढावं लागत नाही. मी आगोर ठेवला आणि कथेतच एक वाक्य असं वळवलं की वाचकाला तो कळावा. पालर ठेवला, रेजाणी ठेवला. 'त्रिकाळ' ठेवला नाही. तिथं 'तिहेरी काळ' केलं, कारण ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो. कुंईसाठी मात्र 'झिरा' वापरायचा मोह टाळला. दोघांत पाणी सारखं असलं तरी कुंई खणायला माणूस जिवावर उदार होऊन खाली उतरतो, आणि झिरा आजी बसल्या बसल्या करायची.

जोधपूरला मासा सात आठवडे राहिल्या. नातीबरोबर मालिका पाहायला लागल्या, वॉचमनशी हिंदी बोलायला लागल्या, मित्राचा अंदाज बरोबर होता. जुलैत शेजारणीचा फोन आला की पोकरणच्या बाजूला दोन चांगल्या सरी झाल्या, पहिली सोडली, दुसरी घेतली, टांका निम्म्यावर आला. मासांनी दहा दिवसांसाठी म्हणून गावी सोडायला सांगितलं. मित्रानं सोडलं. किल्ली त्यांनी परत घेतली.

त्या अजून तिथंच आहेत. मित्र दर पंधरा दिवसांनी शनिवारी पहाटे चारला निघतो. गेल्या मे महिन्यात रोज दुपारी दोन वाजता तो त्यांना फोन करत होता, त्या घरात आहेत ना, एवढंच विचारायला. एकदा त्यांनी उचलला नाही तेव्हा त्यानं आधी शेजारणीला लावला आणि मग, कारण नसताना, मला. पंधरा मिनिटं आम्ही दोघं फोनवर नुसते थांबलो होतो. मग त्याच्या दुसऱ्या फोनवर शेजारीण बोलली: झुंप्यात झोपल्यात, फोन सिमेंटच्या खोलीत राहिलाय.